दुखणं थांबल्यावर

ती. बाबा, वाकून नमस्कार.

मी मजेत आहे, जेवतेही वेळेवर. आम्ही औषधदुकानदार इथे प्रशिक्षणात शाळकरी पोरांसारखे बाकांवर बसतो. वेदनाशामक गोळीची सवय लागलेलं माणूस ओळखून सांभाळायचं कसं, ते शिकतोय.

शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "व्यसन आहे का विचारलंत, तर माणूस पाठ फिरवेल. दुखणं थांबलं तरी गोळी लागते का, असं विचारा."

सगळ्यांनी लिहून घेतलं. माझं पेन हलेना.

आई म्हणते, तुमची कंबर बरी आहे, जिनेही चढता. मग गोळी अजून लागते का, बाबा? खरं कळवा. एकदम बंद मात्र करू नका, मी आले की डॉक्टरांकडे जाऊ.

रागावणार नाही. घरचंच दुकान म्हणून, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय, त्या गोळ्या मीच देत होते.

तुमची,
धाकटी