दिया कुठे धावणार

बेसिंगस्टोक,
२२ ऑक्टोबर २००६

प्रिय ताई,

तुला आणि दाजींना शशीचा नमस्कार. पाकीट बघून घाबरू नकोस, सगळं ठीक आहे. फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोन हॉलमध्ये आहे आणि दिया घरात असते. तुझ्या दवाखान्याचा ई-मेल तुझी रिसेप्शनिस्ट उघडते. शिवाय बोलताना मी कुठे अडतो ते तुला माहीत आहे.

दाजींचा गुडघा कसा आहे? इथे परवापासून हीटिंग लावलं. ऑफिसात नवा प्रोजेक्ट आलाय, माझं काम मात्र तेच. दुसऱ्यांनी बनवलेली वस्तू कुठे मोडते ते शोधायचं. या महिन्यात रश्मीला जाऊन पाच वर्षं झाली. त्या दिवशीही दिया सकाळी धावायला गेली. आईची आठवण काढायची तिची ती रीत असेल.

तर मुख्य बातमी. दियाचं हे ए लेव्हलचं, म्हणजे इथल्या बारावीचं, शेवटचं वर्ष, म्हणून आम्ही विद्यापीठं बघत फिरतोय. विद्यापीठं म्हणजे तिच्या दृष्टीने ट्रॅक. तीन हजार मीटरमध्ये ती आता काउंटीत, म्हणजे आमच्या जिल्ह्यात, दुसरी आहे आणि तिला विद्यापीठांची पत्रं येतात, ताई. रश्मी असती तर फ्रेम करून लावली असती.

पहिलं विद्यापीठ घरापासून तासाभरावर. ट्रॅकच्या कडेला शेवाळ होतं. तिथले कोच म्हणजे एक निवृत्त भूगोलाचे मास्तर, अंगात विटका रेनकोट. म्हणाले, "बुधवारी आणि शनिवारी धावतो. पाऊस फारच असेल तर चहा पितो." मला ते आवडले. दिया गाडीतून उतरल्यापासून घड्याळ बघत होती.

दुसरं लांब, उत्तरेला. नाव लिहीत नाही. तिथे सगळं नवं. छताखालचा ट्रॅक, बर्फाच्या पाण्याचे टब, फिजिओची स्वतंत्र खोली. कोचचं नाव ग्रॅहम. आवाज इतका मऊ की ऐकायला पुढे वाकावं लागतं. माझं पूर्ण नाव, शशिधर, त्याने पहिल्या फटक्यात नीट म्हटलं. सोळा वर्षं ज्या ऑफिसात काढली तिथे अजून कोणाला ते जमलेलं नाही. त्या एका गोष्टीने मी त्याच्या बाजूला झुकलो हे कबूल करतो.

दुपारचं जेवण टीममधल्या मुलींबरोबर होतं. बाहेर छान ऊन पडलं होतं, तरी सगळ्या जाड फ्लीस घालून, बाह्या बोटांपर्यंत ओढून, रेडिएटरला पाठ लावून बसल्या होत्या. कॅप्टन बेथन म्हणून एक वेल्श मुलगी आहे, गोड बोलते. तिने एक भाजलेला बटाटा घेतला, चार तुकडे केले आणि त्यातला एक खाल्ला. बाकीच्यांचंही तसंच. कोणी कोणाला काही म्हणत नव्हतं. दियाने आधी सगळ्यांच्या ताटांकडे नजर टाकली, मग त्यांनी जेवढं उष्टं टाकलं होतं तेवढंच आपल्या ताटात उरवलं.

मीठ द्यायला बेथनने हात पुढे केला तेव्हा बाही सरकली. तिच्या हातावर बारीक मऊ लव होती, तान्ह्या बाळाच्या कपाळावर असते तशी. मी तेव्हा नुसतं बघितलं.

चेंजिंग रूमच्या बाहेर, कॉरिडॉरमध्ये, वजनकाटा आहे. दर सोमवारी सकाळी सगळ्यांचं वजन, सगळ्यांसमोर. वर भिंतीवर दरवर्षीचे टीमचे फोटो. मी टेस्टिंगवाला माणूस, मला वेगळंच दिसतं. पहिल्या वर्षाच्या मुली खूप. त्याच मुलींचा तिसऱ्या वर्षाचा फोटो शोधला, तर त्यातल्या मोजक्याच उरलेल्या. ग्रॅहमला विचारलं, "बाकीच्या कुठे गेल्या?"

तो म्हणाला, "ज्यांना खरंच धावायचं असतं त्या राहतात." आणि मेडल्स दाखवायला लागला.

मग आम्ही तिघं त्याच्या ऑफिसात बसलो. तो म्हणाला, "पहिल्या हिवाळ्यात मुलींचं शरीर बदलतं. काही गोष्टी थोडे दिवस बंद होतात. काळजी करायची नाही, शशिधर. मेहनत अंगात उतरतेय, एवढाच त्याचा अर्थ." मग दियाकडे बघून हसला. "ही तर आधीच पुढे आहे, मला सांगितलंय तिने." दिया खिडकीबाहेर बघत होती. मी मान हलवली. आम्ही विचार करून कळवू, असं सांगून निघालो.

परतताना हायवेवरच्या सर्व्हिस स्टेशनवर, खाण्यापिण्यासाठी थांबतात तिथे, चहाचा कप हातात घेतला आणि कुठल्या गोष्टी ते माझ्या डोक्यात उजाडलं. समोर दिया काळी कॉफी पीत होती. तिची बाही वर होती. तिच्याही हातावर ती लव आहे.

ताई, तू इतकी वर्षं बायकांची डॉक्टर आहेस, म्हणून एक सर्वसाधारण प्रश्न विचारतो. खूप व्यायाम करणाऱ्या मुलींच्या तब्येतीत असे बदल होतात का? आणि ते आपोआप पूर्ववत होतात का?

वरची ओळ लिहून मी उठलो, भांडी घासली, परत बसलो. प्रश्न सर्वसाधारण नाही.

रश्मी गेल्यापासून शनिवारचं सामान मी आणतो. दूध, ब्रेड, साबण, आणि दियाच्या त्या वस्तू. पहिल्यांदा सुपरमार्केटमध्ये त्या वस्तूंच्या फळ्यांसमोर मी किती वेळ नुसता उभा होतो ते कोणाला सांगितलं नाही. नंतर सवय झाली. पाकीट बाथरूमच्या कपाटात ठेवायचं, तिने न बोलता घ्यायचं, असं आमचं चाललं होतं. मागच्या आठवड्यात कपाट उघडलं तर नवं पाकीट ठेवायला जागा नव्हती. सगळी मागे सारलेली, सगळी बंद. सर्वांत जुनं बहुतेक मागच्या हिवाळ्यातलं.

मी बाप आहे. मी तिला काय विचारू, कुठल्या शब्दांत विचारू?

फोन करू नकोस. पत्र लिही.

तुझा,
शशी


बेसिंगस्टोक,
१८ फेब्रुवारी २००७

प्रिय ताई,

तुझं पत्र आलं तेव्हाच उत्तर लिहायला हवं होतं. तू जे जे करायला सांगितलंस ते केलं, पण उशिरा केलं. का ते सांगतो. मागच्या पत्रात मी लिहिलं, की विचार करून कळवू असं ग्रॅहमला सांगितलं. तसं झालं नव्हतं. त्याने विचारलं होतं, "डिसेंबरच्या ट्रेनिंग कॅम्पला पाठवाल ना हिला? तुमची हरकत नाही ना?" आणि मी त्याच्याशी हात मिळवला. दियाने माझ्याकडे जसं बघितलं, तसं ती माझ्याकडे लहानपणी बघायची. त्या नजरेसाठी मी हात मिळवला.

नोव्हेंबरात तिला आमच्या जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, नेलं. डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत. त्यांनी मला बाहेर बसवलं. बऱ्याच वेळाने दिया एकटी बाहेर आली, म्हणाली, "ऑल फाइन." मी आत डोकावलो. बाई म्हणाल्या, "ती सतरा वर्षांची आहे. तिने होकार दिल्याशिवाय मी तुम्हाला काही सांगू शकत नाही. पण हाडांच्या स्कॅनसाठी मी लिहिते आहे, तेवढं तिने मान्य केलंय." एवढं बोलून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना आणखी बोलायचं होतं, बोलता येत नव्हतं.

स्कॅनची तारीख जानेवारीतली मिळाली. कॅम्प त्याच्या आधी होता. नको जाऊस म्हटलं तर तिच्या त्या मोडक्या मराठीत म्हणाली, "बाबा, तुम्ही प्रॉमिस केली होती." मीच तिला सोडून आलो.

आणायला गेलो तो दिवस सांगतो. मी लवकर पोचलो. मुली बाहेरच्या ट्रॅकवर धावत होत्या, थंडी अशी की कठड्याला हात लावला तर चिकटेल. दिया सगळ्यांच्या पुढे होती. ताई, ती सुंदर धावते, हे खोटं नाही. पण प्रत्येक पावलाला डावा पाय टेकताना ती किंचित दचकत होती, बुटात खडा असावा तशी. मला कठड्यापासून दिसत होतं. स्टॉपवॉच घेऊन उभ्या असलेल्या माणसाला दिसत नव्हतं असं मी मानत नाही. तो मऊ आवाजात म्हणाला, "आता शेवटची." ती झाल्यावर पुन्हा म्हणाला, "आता शेवटची."

बाकावर बेथन बसली होती. पायात गुडघ्यापर्यंतचा प्लास्टिकचा बूट, फ्रॅक्चरवाल्यांना देतात तो. मी शेजारी बसलो. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "तुम्ही तिला घरी घेऊन जा आणि परत पाठवू नका."

मी विचारलं, "काय झालं तुला?"

"हा तिसरा. मी एकवीस वर्षांची आहे. माझी हाडं माझ्या आजीसारखी झालीत असं डॉक्टर म्हणाले."

"हे तू दियाला का सांगत नाहीस?"

"सांगितलं ना. सगळं ऐकून घेतलं तिने. मग विचारलं, तेव्हा तुझा टाइम किती होता."

आमची गाडी हायवेला लागली. शेवटी मी म्हटलं, "बेथन माझ्याशी बोलली."

"मला पण सांगितली तिने. पहिल्याच दिवशी."

"मग?"

"मग काय? ती नॅशनल्सला गेली, बाबा."

मी म्हटलं, "तुझा पाय दुखतोय."

"माझी पाय ठीक आहे."

मग मी तुझ्या पत्रातलं सगळं तिला सांगितलं, की खाणं कमी पडलं की पाळी थांबते, अंगावर लव येते, हाडं ठिसूळ होतात. गाडी चालवताना समोर बघत सांगता येतं, एवढं बरं. पाळी हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा तिच्यासमोर उच्चारला. ती लाजली नाही, चिडली नाही. म्हणाली, "आई आजारी होती ना, तेव्हा तिचा बॉडी तिचं काहीच ऐकत नव्हता. तिने किती ट्राय केली. माझा बॉडी माझं ऐकतो. मी सांगते ते सगळं करतो."

मी गाडीचा हीटर वाढवला.

स्कॅन झाला. या वेळी तिनेच मला आत येऊ दिलं, बहुधा माझं समाधान व्हावं म्हणून. डाव्या नडगीच्या हाडाला चीर आहे. ती भरेल. कंबरेच्या हाडांचं मात्र डॉक्टरांनी स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं. घनता तिच्या वयाला असायला हवी त्याच्या बरीच खाली आहे. उन्हाळ्यापर्यंत धावणं पूर्ण बंद, वजन वाढवायचं, नाहीतर गेलेलं परत येईलच असं नाही. दियाने विचारलं, "स्विमिंग चालेल?" डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

मला वाटलं होतं, हे कळल्यावर ग्रॅहम तिला सोडून देईल. ताई, मी देवापुढे उभा राहून तेच मागत होतो. मीच त्याला फोन करून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "मॅनेज करू आपण. तिची जागा सुरक्षित आहे. जरा तिच्याशी बोलू का?" दिया फोन घेऊन जिन्याच्या पायरीवर बसली. थोड्या वेळाने मला तिचं हसणं ऐकू आलं. या घरात ते ऐकून किती दिवस झाले होते.

भूगोलाच्या त्या मास्तरांनाही मी फोन केला. त्यांनी स्कॅनचं सगळं नीट विचारलं. म्हणाले, "वर्षभर नाही धावली तरी चालेल, येऊ दे तिला. चहा आहेच." मी हे दियाला सांगितलं. ती म्हणाली, "दॅट्स स्वीट."

मार्चच्या शेवटी ती अठरा वर्षांची होते. त्यानंतर डॉक्टर मला आत बोलावणार नाहीत आणि माझी हरकत आहे का, असं कोणी विचारणार नाही. म्हणून मागतो आहे, ताई. तू ये. दवाखाना बंद ठेव, दाजींना माझी परिस्थिती सांग, पण तिच्या वाढदिवसाच्या आधी ये. ती तुझं ऐकेल असं मी म्हणत नाही. पण बाईमाणसाने, डॉक्टरने, आईच्या जागी बसून एकदा तिच्याशी बोलावं. माझ्याजवळ होते ते शब्द मी गाडीत वापरून टाकले.

आजचं सांगून थांबतो. सकाळी तिचे धावायचे सगळे बूट मी गोळा केले आणि गाडीच्या डिकीत कुलूप लावून ठेवले. तिने बघितलं. भांडली नाही. जेवायला बसली, मी वाढलेलं सगळं खाल्लं, ताट विसळून ठेवलं. मला इतकं बरं वाटलं की मी हे पत्र लिहायला वर आलो.

आत्ता पाणी प्यायला खाली गेलो होतो. ती घरात नाही. मागचं दार नुसतं लोटलेलं आहे, अंगणातल्या हिमावर पावलं उमटली आहेत आणि दाराजवळचे तिचे शाळेचे बूट जागेवर नाहीत.

खिडकीशी बसून वाट बघणारा,
तुझा शशी