झाडूगाडीच्या पुढे

९ मार्च

पायांचे केस काढले. दोन्ही पायांचे.

माझा सायकलीचा जोडीदार, दंतवैद्य, म्हणाला, व्यावसायिक सायकलपटू काढतात, त्याने वारा कापला जातो. मी म्हटलं, आपल्या वेगाला वारा कापायची गरज नाही, तो कंटाळून स्वतःच बाजूला होतो. तरी काढले. बायकोने आधी पाय पाहिले, मग चेहरा, मग पुन्हा पाय. "रेझर माझा होता ना?" एवढंच म्हणाली.

सोळाव्या वर्षी दुसऱ्याच्या दुकानात फरशी पुसत होतो. आज स्वतःचं मोटर रिवाइंडिंगचं वर्कशॉप आहे, हाताखाली माणसं आहेत आणि पाय सोललेल्या बटाट्यासारखे आहेत. प्रगती म्हणतात ती हीच.

हे सगळं त्या मोठ्या शर्यतीपायी. इतकी वर्षं टीव्हीवर बघितली. जगातले पट्टीचे गडी तो डोंगर चढताना बघून सोफ्यावर मलाच धाप लागायची. ते येण्याच्या आठवडाभर आधी तोच रस्ता, तोच डोंगर, एक दिवस आमच्यासारख्या हौश्यांसाठी मोकळा ठेवतात. जूनच्या शेवटी. दंतवैद्याने आमची दोघांची नावं देऊनही टाकली. मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, हे त्याला ठाऊक होतं.

१६ मार्च

पहिला चढ. गावाबाहेरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत. टाकी दिसते जवळ, आहे लांब.

दंतवैद्याची परीक्षा: चढावर बोलून बघायचं. अख्खं वाक्य एका दमात आलं तर पायांत अजून जीव आहे. दोन शब्दांत तुटलं तर माणूस संपला. तो स्वतः टाकीपर्यंत अखंड बोलत होता. मी त्याच्या एकाही वाक्याला उत्तर देऊ शकलो नाही. त्याचं काही बिघडलं नाही. समोरच्याने उत्तर न देण्याची त्याला धंद्यातच सवय आहे.

२३ मार्च

कन्येने त्याला चहाला आणलं. लग्नाचा उमेदवार! बस डेपोत वेळापत्रक लावतो. बारीक, शांत, कपात साखर ढवळतानासुद्धा आवाज करत नाही.

माणूस मी कानाने तपासतो. मोटरच्या अंगावर स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ कानाशी धरायची. आत बेअरिंग काय म्हणतंय ते कळतं. उमेदवाराला स्क्रूड्रायव्हर लावता येत नाही, म्हणून म्हटलं, जरा वर्कशॉपची गाडी चालव, बाजारापर्यंत जाऊन येऊ. गिअर कधी बदलला ते मला कळलं नाही. मला! एकदाही कळलं नाही. माणूस चांगला आहे. कबूल करताना त्रास होतो, पण आहे.

परत आल्यावर म्हणाला, "काका, मला बढती मिळतेय." मी पाठ थोपटली. मग कुठल्या डेपोत ते सांगितलं. रात्रभराचा रेल्वेप्रवास. पाठीवरचा हात मी काढून घेतला.

३० मार्च

आज मीच मोठ्या तोंडाने बोललो. लिहून ठेवतो, नंतर शब्द फिरवायची खोड आहे मला.

उमेदवार दरवर्षी त्या हौशी फेरीत मदतीला असतो, हे आज कळलं. तो झाडूगाडी चालवतो! सगळ्यांच्या मागून ठरलेल्या वेगाने येणारी गाडी. मागे दोन झाडू उलटे बांधलेले. जो तिच्या मागे पडला त्याला सायकलसकट उचलून आत टाकतात. संपला त्याचा खेळ.

मी म्हटलं, "मग ठरलं. मी तुझ्या झाडूंच्या पुढे डोंगरावर पोहोचलो तर बढती नाकारायची, लग्न करून इथेच राहायचं. तू मला गोळा केलंस तर जा खुशाल. मी स्टेशनवर हसत निरोप देईन."

बायको म्हणाली, "अहो, पोरीचा संसार आहे, बैलगाड्यांची शर्यत नाही."

उमेदवार गोरामोरा झाला. पण कन्या लगेच म्हणाली, "मान्य."

क्षणभरही थांबली नाही. केवढा विश्वास बापावर.

१९ एप्रिल

टाकीपर्यंत गेलो आणि वर एक अख्खं वाक्य बोललो. "दंतवैद्या, तुझी दाढ मी काढीन."

११ मे

कन्येने भल्या पहाटे उठवलं. "बाबा, टाकीचा चढ कसला चढ. चला, खऱ्या घाटात सोडते." सायकल गाडीत टाकली, निघालो.

तिला गाडी मीच शिकवली, वर्कशॉपच्या जुन्या टेम्पोवर. त्याचा दुसरा गिअर सरळ पडत नसे. मध्ये न्यूट्रलला थांबून, ॲक्सिलरेटरचा एक घोट पाजून मगच खाली घालायचा. तो टेम्पो कधीच भंगारात गेला, सवय मात्र राहिली. नव्याकोऱ्या गाडीलाही प्रत्येक चढावर घोट पाजते. तो आवाज मी हजार गाड्यांत ओळखेन. छान वाटतं ऐकायला. का, ते माहीत नाही.

घाटात मी वर, ती मागे गाडीत, खिडकीतून ओरडत. "बाबा, खांदे सैल! मान वर! बोलून बघा, वाक्य तुटतंय का!" खाली आल्यावर माझी चेन पुसून तेल घातलं. मी म्हटलं, "एवढी मेहनत घेतेस, म्हणजे जिंकायलाच हवं." ती चेनकडे बघत म्हणाली, "डाव असेल तर नीट व्हायला हवा ना."

शाबास.

२७ जून

उद्या. डोंगराच्या पायथ्याच्या गावात खोली घेतलीय. दंतवैद्य आरशासमोर विजेत्याने दोन्ही हात वर करतात त्याचा सराव करतोय. एकच हात सोडला की सायकलवरून पडतो, म्हणून दोन्हीचा.

बायको वर शेवटच्या रेषेपाशी थांबणार. कन्येला विचारलं, तू कुठे? "रस्त्यावर," म्हणाली.

२९ जून

काल. क्रमाने लिहितो, नाहीतर सगळं एकदम सांडेल.

सुरुवातीला हजारो लोक. सुटायची शिट्टी झाली आणि हजारो बूट एकदम पॅडलमध्ये अडकले — खट खट खट खट, पत्र्यावर गारा पडाव्यात तसं. सगळी हयात यंत्रांचे आवाज ऐकण्यात गेली, हा कधी ऐकला नव्हता. पहिल्या उतारावर सगळ्यांनी पॅडल मारणं सोडलं तर मोकळ्या चाकांच्या किरकिरीने अख्खं रान रातकिड्यांनी भरल्यासारखं. मी एकटाच हसत होतो. मग पाहिलं, सगळेच हसत होते.

दंतवैद्य स्वतःचंच धावतं वर्णन करत होता. "आणि दंतवैद्याने हल्ला चढवला आहे! मागच्यांकडे उत्तर नाही!" एवढ्यात एक आजी हँडलला टोपली लावलेल्या सायकलवरून त्याच्या पुढे गेल्या. "काय रे, एकटाच बरळतोयस, ताप आलाय का?" म्हणाल्या. व्यावसायिक लोक रिकामी बाटली रस्त्याकडेला भिरकावतात, तशी त्याने एका वळणावर भिरकावली. ऐटीत. मग आठवलं, एकच आणलीय. उतरून गवतात शोधत बसला.

माझा घात माझ्या कानांनी केला. सपाटीवर पुढच्या बाईंच्या सायकलमधून किर्र किर्र. "ताई, मागच्या छोट्या चाकाचा स्क्रू निघतोय, थांबा." थांबल्या. मी घट्ट केला. मान वर केली तर आणखी तिघं सायकली धरून उभे! एकाचा ब्रेक, एकाची चेन, एकाला नुसतंच ऐकून घ्यायचं होतं. दंतवैद्य जाता जाता ओरडला, "इथे शाखा उघडतोयस का?" तिघांना कार्ड दिलं. शेवटचा स्क्रू बसवून उठलो तर रस्ता रिकामा. आणि मागे, लांब, दोन झाडू हलताना दिसले.

डोंगर सुरू झाला. रस्त्यावर पांढऱ्या रंगात थोर थोर सायकलपटूंची नावं, एकेक अक्षर माणसाएवढं. त्यांच्या नावांवरून मी चढत होतो. माझ्या तोंडातून लाळ गळत होती आणि मी राजा होतो.

मागे कान होताच. गाडीत उमेदवार आहे हे न बघता कळत होतं — गिअर ऐकूच येत नव्हते, फक्त इंजिन. आणि ते इंजिन मागे मागे पडत होतं. वाटलं, काय पाय आहेत माझे! नियमाने चालणारी गाडी मागे पडतेय!

मग इंजिन थांबलं. एक दार वाजलं. दुसरं दार वाजलं. पुन्हा सुरू झालं, आणि आता जवळ येऊ लागलं. ठरलेल्या वेगाने, पुढे नाही, मागे नाही.

शेवटून तिसरं वळण चांगलंच उभं आहे. गाडी तिथे आली. इंजिनाचा आवाज खाली उतरला. न्यूट्रल. एक घोट. दुसरा गिअर.

मी मागे वळून पाहिलं नाही. गरज नव्हती.

डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत गेली, स्क्रू बसतात तशी. ते झटकन म्हटलेलं "मान्य". ती पहाट, ते चेनचं तेल. मला वाटत होतं तो तिला घेऊन चाललाय. तो तर बिचारा गाडी मुद्दाम मागे ठेवत होता, त्याच्याने मला गोळा करवत नव्हतं. पोरीनेच त्याला उतरवून स्टिअरिंग हातात घेतलं होतं.

कमान दिसत होती. तिथे माणसं टाळ्या वाजवत होती. दंतवैद्याची परीक्षा आठवली, म्हणून बोलून बघितलं. मोठ्याने, जवळ कुणी नव्हतं ऐकायला: "माझ्या पोरीला जायचंय आणि बापाचं तोंड बघून तिला ते सांगता येत नव्हतं."

एका दमात आलं. अख्खं.

म्हणजे पोहोचलो असतो. हे फक्त इथे लिहितोय. या पानाबाहेर जायचं नाही.

पॅडलमधून पाय काढला, रस्त्याच्या कडेला उभा राहिलो आणि एसटीला करतात तसा हात केला.

गाडी थांबली. स्टिअरिंगवर कन्या, ओठ घट्ट. शेजारी उमेदवार, औषध पाजल्यासारखा.

"बाबा, दोनच वळणं राहिली होती."

मी सायकल मागे टाकली, आत बसलो, दार लावलं. म्हटलं, "पाय संपले गं माझे, आता एक पॅडल मारवत नाही, तू चल वर, आई केव्हाची उन्हात उभी असेल."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग गिअर टाकला.

उमेदवार म्हणाला, "काका, मी मुद्दाम हळू येत होतो. चुकलं."

"वेळापत्रक लावणारा माणूस तू. आणि उशीर?"

"आयुष्यात पहिल्यांदाच केला."

"म्हणून तर उतरवलं त्याला," कन्या म्हणाली. "रडीचा डाव कशाला?"

आणि मला हसू फुटलं. आवरेना! मग त्यालाही. कमानीखालून झाडूगाडी गेली तेव्हा मी खिडकीतून अर्धा बाहेर येऊन दोन्ही हात वर केले, अगदी दंतवैद्याच्या सरावाप्रमाणे. लोकांनी काय टाळ्या दिल्या! आजी टोपली लावलेली सायकल धरून उभ्या होत्या, त्यांनी शिट्टी मारली.

बायकोने केळं पुढे केलं. "जिंकलात?"

"पोहोचलो," म्हटलं. तिने कन्येकडे पाहिलं, उमेदवाराकडे पाहिलं, आणि केळं सोलून माझ्या तोंडात घातलं.

५ जुलै

आज खऱ्या शर्यतीवाल्यांनी तोच डोंगर चढला. चौघांनी टीव्हीवर बघितलं. शेवटून तिसऱ्या वळणावर एक गडी मागे पडला. उमेदवार म्हणाला, "इथेच काकांनी—" आणि कन्येने त्याला कोपर मारलं.

२४ ऑगस्ट

लग्न होऊन आठवडा झाला. आज स्टेशनवर सोडलं. बोलल्याप्रमाणे हसत निरोप दिला. दंतवैद्य म्हणाला, माझे सगळे दात मोजता आले त्याला.

गाडी हलली तशी कन्या रडायला लागली. डावाच्या दिवशी एवढी दगडासारखी होती! पोरी जाताना रडतातच, मी बायकोला म्हटलं.

२ सप्टेंबर

कन्येचा फोन. घर छान, बाजार जवळ, शेजारणीचा पंखा खडखडतो. मी म्हटलं, फोन पंख्याजवळ धर. धरला. बेअरिंग गेलंय.

मग म्हणाली, "बाबा, त्या दिवशी गाडीत बसलात ना, तेव्हा अख्खं वाक्य बोललात तुम्ही. एका दमात."

पंखा वाजत होता.

"तेव्हाच कळलं होतं तुला?"

"दार लावलंत तेव्हाच."

"मग स्टेशनवर कशाला रडलीस वेडे?"

"त्यालाच."