नोकर नव्हे, गुलाम

बाई, नववीत तुम्ही फळ्यावर ‘स्वातंत्र्य, समता, बंधुता’ लिहिलंत आणि मी उठून विचारलं, “ज्यांनी हे लिहिलं, त्यांच्या गुलामांनाही का?” तुम्ही खडू खाली ठेवलात. “पुस्तकात आहे तेवढंच विचार. जा, बाहेर उभी राहा.” मधल्या सुट्टीत मात्र व्हरांड्यात येऊन तुम्ही आपल्या डब्यातलं धपाटं माझ्या हातावर ठेवलंत. हळूच म्हणालात, “प्रश्न बरोबर होता गं. उत्तर मला येत नव्हतं.” मी ते धपाटं रागारागाने खाल्लं.

आता मी ॲम्स्टरडॅममध्ये असते. नवऱ्याच्या नोकरीपायी आले, बुइटनव्हेल्डर्ट या उपनगरातल्या फ्लॅटमध्ये बसून बसून कंटाळले, डच शिकले. मग कालव्याकाठी एका व्यापाऱ्याच्या जुन्या घराचं संग्रहालय झालंय, तिथे लोकांना घर दाखवायचं काम मिळवलं. वरच्या दालनात काचेखाली एक लाल-पांढरी-निळी फीत आहे. फ्रान्सपाठोपाठ इथेही क्रांती झाली तेव्हा घरमालक ती छातीला लावून चौकात रोवलेल्या ‘स्वातंत्र्याच्या झाडा’भोवती नाचला होता. खाली तळघरात स्वयंपाकघर. तिथली चूल सुरिनाम या डच वसाहतीतल्या मळ्यावरून आणलेली एक स्त्री सांभाळायची. मळा त्याचाच, तीही त्याचीच. आम्हाला पाठ करायला दिलेल्या माहितीत तिला ‘नोकर’ म्हटलं होतं.

एका दुपारी सुरिनामी वंशाच्या एक आजी चुलीला हात लावून विचारतात, “इथं कोण राबायचं?” मी सांगते, “एक गुलाम स्त्री. तिचं नाव कुणी जपलं नाही.” आजी बराच वेळ तिथून हलत नाहीत.

संध्याकाळी मॅनेजरने बोलावलं. “शब्द ‘नोकर’ आहे. लोक इथे सुट्टी घालवायला येतात.”

“नोकर काम सोडून जाऊ शकतो. तिला जाता आलं असतं?”

“ठरलेलं बोलायचं नसेल तर येऊ नका.”

मी बिल्ला टेबलावर ठेवला आणि सायकल काढली. घरी नवरा म्हणाला, “एका शब्दासाठी?” म्हटलं, “हो. एकाच.”

काही आठवड्यांनी मॅनेजरचाच फोन. त्या आजी चर्चमधल्या बायकांना घेऊन आल्या होत्या आणि ‘ती भारतीय मुलगी आल्याशिवाय उठणार नाही’ म्हणून सगळ्याजणी स्वयंपाकघरात ठाण मांडून बसल्या होत्या. “येता का?” “माझ्या शब्दांत बोलणार असेन तर.” मग, “या.” मी गेले. आधी सगळ्यांना वर नेऊन फीत दाखवली, मग खाली आणून चूल, आणि दोन्ही एकाच माणसाची हे मोठ्याने सांगितलं. तेव्हापासून मी पुन्हा कामावर आहे. भिंतीवरची ‘नोकर’ लिहिलेली पाटी मात्र त्यांनी बदललेली नाही. मी ती दर वेळी वाचून दाखवते आणि चुकीची आहे म्हणते. काढायचं तर काढा मला.

बाई, हे पत्र कुठे धाडणार? आणि पत्ता असता तरी धाडलं नसतं, तुम्ही आधी शुद्धलेखन तपासलं असतंत. एवढंच सांगते. तुम्ही गेल्याचं आईने फोनवर कळवलं तेव्हा मी नुसतं “बरं” म्हणून विषय बदलला. नंतर दुकानात दुधाच्या फडताळापुढे किती वेळ उभी होते, काय घ्यायला आले होते तेच आठवेना.