आजाऱ्यांच्या यादीतलं एक नाव

बाबा, तुम्ही जाऊन नऊ वर्षं झाली. सातवीनंतर माझी शाळा सुटली, पण शुद्धलेखन चांगलं होतं, म्हणून रविवारच्या प्रार्थनेत वाचायची आजाऱ्यांची यादी तुम्ही माझ्याकडून लिहून घ्यायचात. त्या यादीत मी एकदा चूक केली आणि ती मुद्दाम केली.

नाल्यापलीकडच्या जंगलगावचा तो माणूस. तुम्ही तिकडे उपदेशाला गेलात, पुरात अडकलात, तापाने फणफणलात, तेव्हा त्याने तुम्हाला पाठीवर घेऊन सिंदेवाहीच्या रस्त्यापर्यंत आणलं. पुढच्या उन्हाळ्यात मोहफुलं वेचताना साप चावून तो मेला. बाप्तिस्मा झालेला नव्हता. त्या रविवारी मी त्याचं नाव यादीत शेवटी लिहिलं. तुम्ही वाचता वाचता थांबता, चष्मा काढता, ते नाव सोडून आमेन म्हणता. घरी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून, आवाज न चढवता मला सांगता, की कृपेची मुदत श्वास आहे तोवरच. त्यानंतर न्याय, आणि देवाच्या न्यायात आपण मध्ये बोलायचं नसतं.

त्याच आठवड्यात त्याची बायको चारोळी घेऊन आली. तिने विचारलं, "भाऊ, तो कुठी असन आता?" तुम्हाला खोटं बोलता येत नव्हतं. प्रभूला न स्वीकारता गेलेल्यांचं काय होतं, ते तुम्ही तिला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पुरातून आनतानी त्यानं तुमाले इचारलं होतं का, कोनत्या देवाचे म्हून?"

दोन वर्षांनी तुम्ही गेलात. जो दया करत नाही त्याला न्यायाच्या दिवशी दया मिळत नाही, हेही तुम्हीच शिकवलं होतं. ते मला कामावर, जेवताना, कुठेही आठवायचं. आणि तुमच्याच नियमाने मला तुमच्यासाठी देवाकडे काही मागता येत नव्हतं.

तुम्हाला पुरल्यानंतर दहाव्या दिवशी त्याची बायको पुन्हा आली. आईजवळ बसली. निघताना मला म्हणाली, "म्या आमच्या देवाले सांगतलं, भाऊ कडक होता, पन खोटा नोयता. त्याले बाहेर ठेवू नोको म्हनलं."

मी उपदेशकाचा मुलगा. मेलेल्यासाठी असं मागता येत नाही, हे तिला सांगायला हवं होतं. हे पत्र कुठे पाठवायचं नाही म्हणून लिहितो. मी तिच्या मागे फाटकापर्यंत गेलो आणि विचारलं, बाई, तुमच्या देवाला अजून एकदा सांगाल का.