मालाच्या परवान्यावर बाबा

मु. माणगाव, दवाखान्याचा ओटा,
जि. कुलाबा
ता. १३ नोव्हेंबर १९६३

तीर्थस्वरूप हरेश्वरदादा यांस, धाकटा भाऊ गुणाजी याचा पायांवर डोके ठेवून नमस्कार.

तुमची, वहिनींची आणि मुलांची प्रकृती उत्तम असेलच. मोटार परवान्याच्या कचेरीत पंख्याखाली कारकुनी करणाऱ्या माणसाला आजारी पडायला कारण काय? (रागावू नका. चार दिवस झोप नाही, म्हणून तोंड सुटले आहे.) इकडे श्रीवर्धनला घरात सगळे खुशाल आहेत. घराबाहेर फक्त बाबा आहेत, ते इथे माणगावच्या दवाखान्यात आहेत, आणि त्यांची खुशाली कळवता कळवता हे पत्र लांबणार आहे. तेव्हा चहा घेऊन बसा.

गेल्या वर्षी मासळी वाहायला ही तीनचाकी घेतली, तेव्हा तुम्ही नियमांचे छोटे पुस्तक टपालाने पाठवलेत आणि वर लिहिलेत की गाडी कोणीही चालवतो, परवाना टिकवायला अक्कल लागते. मी ते मनावर घेतले. पुस्तक पाठ केले. केसर म्हणते, लग्नात मंगलाष्टकेसुद्धा मी इतकी लक्ष देऊन ऐकली नव्हती. तीन चाकांची गाडी वळणावर कलंडते, म्हणून वळणावर मी इतका हळू जातो की मागची बैलगाडी पुढे निघून जाते. वळायच्या आधी केबिनच्या खिडकीतून हात बाहेर काढून खूण करायची असते. पहिल्यांदा बाजारात हात काढला, तर सुकी मासळी विकणाऱ्या चंद्राबाईने त्यात मूठभर सोडे ठेवले. तिला वाटले, चव बघायला मागतोय. ते परत द्यायला थांबलो, तर रहदारीला अडथळा न करण्याचा नियम मोडला. पण तुम्ही लाल पेन्सिलीने खूण केलेला नियम मी कधी मोडला नाही: मालाच्या गाडीत उतारू घ्यायचा नाही. आळीतल्या वेणूबाईला कळा सुरू झाल्या तेव्हाही घेतला नाही. (ती बैलगाडीतच बाळंत झाली. मुलगी आहे, बरी आहे.) तेव्हापासून कोळीवाड्यातले निम्मे लोक माझ्याशी बोलत नाहीत, आणि उरलेले निम्मे जे बोलतात ते तुम्हाला लिहिण्यासारखे नाही.

तर गेल्या गुरुवारी जाळे रिकामे करताना बाबांच्या पायात पाखट माशाचा काटा घुसला. पाखटाच्या शेपटीवरचा तो करवतीसारखा विषारी काटा तुम्ही मुंबईला राहून विसरला असाल, म्हणून सांगतो, आत जाताना टोचतो आणि बाहेर येताना मांस घेऊन येतो. चार दिवस हळद आणि चुना लावून बाबा घरी पडून राहिले. (दवाखान्यात माणसे मरतात, हे त्यांचे मत तुम्हाला माहीत आहे.) सोमवारी सकाळी बघतो तर पाय पोटरीपर्यंत काळानिळा पडलेला, आणि बाबा तापात तुम्हाला हाका मारत होते. मला नाही. मी शेजारीच बसलो होतो.

सकाळची एस.टी. निघून गेली होती आणि पुढची दुपारनंतर होती. सगळी आळी अंगणात जमली आणि माझ्या तीनचाकीकडे बघत उभी राहिली. मी पुस्तक काढले. दादा, खरे सांगतो, बाप असा पडलेला असताना मी पुस्तक काढले. केसरने ते माझ्या हातातून घेतले आणि चुलीत घातले. मग आम्ही बाबांना उचलले. पाय दुमडत नव्हता, म्हणून केबिनमध्ये बसवता येईना. मागच्या पत्र्याच्या पेटीत, बर्फाच्या टोपल्या सरकवून, गोधडीवर निजवले. पेटीला कडी बाहेरून लागते. ती मी माझ्या हाताने लावली.

म्हसळ्याच्या अलीकडे नाक्यावर गाडी अडवली. तिथे रामचंद्र नावाचे हवालदार होते. सज्जन माणूस, आणि तेच नडले. खाणारा असता तर दोन पापलेटांत काम झाले असते. त्यांनी कडी काढली, आत बघितले आणि विचारले, हा माल की उतारू? मी म्हटले, वडील. वडील हे उत्तर त्यांच्या रकान्यात बसेना. आज साहेब तपासणीला येणार आहेत, म्हणाले, मालाच्या गाडीत उतारू सापडला तर तुझा परवाना जाईल आणि माझी नोकरी. म्हाताऱ्याला खाली उतरव आणि एस.टी.ची वाट बघ. मी उतरवायला लागलो. होय, लागलो. बाबा असे कळवळले की हवालदारांनी तोंड फिरवले आणि स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "मयत असता तर सोडला असता. मयताला काय उतारू म्हणत न्हाईत."

आतून बाबा म्हणाले, "मंग मी मेलो. लिव तसा." आणि स्वतःच गोधडी तोंडावर ओढून घेतली.

हवालदारांनी टोपी काढली, हात जोडले, टोपी परत घातली आणि वहीत लिहिले: काळूराम, वय एकसष्ट, मयत. कधी वारले, असे विचारले. गोधडीखालून आवाज आला, "आत्ताच." तेही त्यांनी लिहून घेतले. एवढ्यावर मिटले असते, पण त्यांनी विचारले की मयत कुठे चालवले, आणि माझ्या तोंडून खरे निघून गेले, माणगावच्या दवाखान्यात. मयताला दवाखाना कशाला, हे त्यांचे म्हणणे कायद्याने बरोबर होते. मयत आपल्या गावच्या स्मशानाकडे जाते, आणि आमचे स्मशान मागे श्रीवर्धनला. मी गाडी वळवली. वळवताना खिडकीतून हात काढून खूणही केली.

पहिल्या वळणापलीकडे झाडाच्या सावलीत थांबून पेटी उघडली. बाबांचे दात वाजत होते, पण हसत होते. म्हणाले, "गुण्या, तुज्या गाडीत बसायला मानसाला मराया लागतं." मी वळणाच्या टोकाशी येऊन नाक्यावर नजर ठेवून बसलो. कितीदा मनात आले की सरळ निघावे, पुढे जे होईल ते होईल. पण परवाना जाईल, गाडी दारात उभी राहील, तुम्ही काय म्हणाल, असे करत करत अडीच तास गेले. मग हवालदार जेवायला गेले. दुसऱ्या शिपायाने पेटी उघडलीही नाही, मासळीचा वास घेऊन नाक धरले आणि हात हलवला.

डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी पाय गुडघ्यावरून काढला. सकाळी आणला असतात तर पोटरीखाली निभावले असते, म्हणाले, कदाचित घोट्यावरच. आता विष वर चढले आहे, ताप उतरला तर जगतील. बाबा चाळीस वर्षे होडीचे तांडेल आहेत, खलाशांचे म्होरके. लाटेत होडीवर उभे राहायला दोन पाय लागतात, हे कोणाला सांगायला नको. शुद्धीवर आले की पांघरूण उचलून बघतात, परत खाली ठेवतात आणि मला विचारतात की जेवलास का. मला लाज वाटते, दादा. इतकी की मी त्यांच्या खाटेशी फार वेळ बसत नाही, ओट्यावर येतो आणि पत्र लिहितो.

वहिनींना नमस्कार, मुलांच्या पाठीवरून माझ्यातर्फे हात फिरवा.

तुमचा आज्ञाधारक (नको इतका),
गुणाजी

ता. क. गाडीच्या भोंग्याचा रबरी फुगा फाटला आहे. भोंग्याशिवाय गाडी चालवणे गुन्हा आहे. येताना मुंबईहून नवा आणावा.

ता. क. येताना लिहिले आहे, ते वाचलेत ना? बाबा म्हणतात, हरेश्वरला कळवू नको, त्याची रजा फुकट जाईल. पण दारात कोणाचे पाऊल वाजले की मान वळवतात. मिळेल त्या गाडीने निघा.

ता. क. हे शेवटचे, आणि पत्र खरे तर यासाठीच लिहायला घेतले. इथला कंपाउंडर काल सहज म्हणाला की माणूस मरणाच्या दारात असला तर तो मालाच्या गाडीतून नेता येतो, तशी सवलत नियमातच आहे म्हणे. माझ्या पाठांतरात ती नाही. पण तुम्ही पाठवलेले पुस्तक छोटे होते, आणि आता तेही नाही. तुमच्या कचेरीत मोठे पुस्तक आहे, त्यात बघा. असा नियम नसेल तर निघण्याआधी तारेने कळवा, नाही म्हणून. असेल, तरीही तसेच कळवा.