ढमीच्या हातावरचे घट्टे

३ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी ढमी वर्षभरात आमच्या बाइंडिंगच्या दुकानात चांगली रुळली. दाभण असा चालवते की जुने कारागीरही मान डोलावतात. बारीकही झाली आहे. आता तिला ढमी म्हणायचं की काडी, ते तूच ठरव. हातांवर बारीक लव आली आहे, अंग सदा गार असतं, तेवढा एक स्वेटर पाठव. जेवण झालं रे झालं की न्हाणीघरात पळते, म्हणते हात खळीने चिकट झालेत. आणि उजव्या हाताला चक्क घट्टे पडलेत. आप्पांची नात शोभते.

माया आहेच, ती पत्रातूनही येऊ दे.
धाकटी

१२ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शेजारणीला दोनदा वाचून दाखवलं. बसल्या जागेवरून तांब्या न उचलणारी माझी पोर, आणि तिला घट्टे. आप्पा रंधा मारता मारता म्हणायचे, हाताला घट्टा असला की पोटाची चिंता नको. हे तिला वाचून दाखव. मलम लावू नकोस, असू देत. स्वेटर तिच्या जुन्या मापाने विणते आहे. सैल झाला तर तू घाल, तू काही काडी नाहीस.

तुझी ताई

२९ जून

ती. ताईस,
नमस्कार.

कसं लिहू कळत नाही. परवा ती खळ ढवळताना कोसळली. डॉक्टरीणबाईंनी आधी तिचा हात पाहिला आणि मला विचारलं, तुमच्या कामाने घट्टे कुठे पडतात. मी तळवा पुढे केला. तिचे वरच्या बाजूला आहेत, बोटांच्या सांध्यांवर. दातांचे आहेत, ताई. वर्षभर ती घशात बोटं घालून खाल्लेलं काढून टाकत होती. लवसुद्धा उपासमारीची. तीस वर्षं मी हात बघून माणसं कामाला ठेवते, आणि घरातला हात मला वाचता आला नाही. मला माफ कर.

हृदय अशक्त झालं आहे, कुणी भरवसा देत नाही. तुला बोलावते म्हटलं तर रडायला लागली. म्हणाली, आईला नको, ती आल्या आल्या ताट वाढेल.

धाकटी

२ जुलै

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

हे पत्र आजच्या गाडीने येणाऱ्या माणसाच्या हाती देते, मी उद्याच्या गाडीने निघते. सोबत काही करून आणत नाही. जेवणाचं नाव काढणार नाही, असं तिला सांग. नुसती उशाशी बसेन. पण पोरीवर माया करायची दुसरी रीत मला येत नाही गं. ती शिकण्याइतका वेळ आहे का, तेवढं डॉक्टरीणबाईंना विचारून ठेव.

ताई