तीन नंबरच्या भट्टीचं दार

तळवडे
सोमवार, सकाळी साडेनऊ

प्रिय जयसिंगराव यांस (नावाआधी 'कै.' लिहिलं होतं, पण गेल्या पंधरा दिवसांतली तुमची वर्तणूक पाहून खोडलं),

मधुसूदनचा सप्रेम नमस्कार. कंपनीत बावीस वर्षं मी तुम्हांला नुसतं 'जयसिंग' म्हणत आलो. आता 'राव' लावतोय, उशिरा मिळालेली बढती समजा. पत्रात तब्येतीची चौकशी करायची रीत असते म्हणून करतो, उत्तराचा आग्रह नाही. (खरं सांगायचं तर उत्तर आलं तर माझीच तब्येत बिघडेल.) तिकडे थंडी कितपत? इकडे इंद्रायणीकाठची हवा यंदा हाडात शिरते आहे, सकाळी पारा आठावर. चित्रा बरी आहे. तुमची आठवण रोज सकाळी सातला काढते. ती का, ते पुढे येईलच.

आमची निशिगंधा बाळंतपणाला माहेरी आली आणि बाळ दीड महिना आधीच झालं, हे तुम्हांला ठाऊक असेल. मुलगी आहे. पाच आठवडे झाले, दवाखान्यात काचेच्या पेटीत आहे आणि वजन आत्ता कुठे एक किलो नऊशेवर आलंय. जयसिंगराव, माझ्या पंजात मावते हो! डॉक्टर पहिल्याच आठवड्यात म्हणाले, वजन भरलं की घरी न्या, पण खोली सव्वीस अंशांवर राहिली पाहिजे आणि धूर अजिबात नको. एवढ्याशा जिवाला गारठा सोसायचा नाही. चित्रा म्हणाली, शेगडी ठेवू, माझ्या आईने ठेवली होती. मी म्हटलं, बंद खोलीत निखारे म्हणजे विषारी वायू. विजेचा हीटर म्हणावा, तर आमच्या भागात दर गुरुवारी वीज हटकून जाते. तेव्हा बत्तीस वर्षं भट्ट्यांच्या धंद्यात काढलेल्या या माणसाने छाती पुढे काढून जाहीर केलं, की लाकडावरचा स्टोव्ह मी स्वतः डिझाइन करणार. चित्राने त्याच दिवशी पडदे काढून ठेवले. बाईमाणूस दूरदर्शी.

आता स्टोव्ह म्हणजे काय, हे मी तुम्हांला शिकवणं हा चावटपणा आहे, पण ऐकाच. पेटीत पेटी. आतल्या पेटीत लाकूड जळतं, दोन्ही पेट्यांच्या मध्ये चार बोटं फट. खोलीतली गार हवा खालून फटीत शिरते, तापते, वरून बाहेर पडते आणि खोलीभर फिरते. धुराचा आणि तिचा संबंध नाही, धूर पाइपातून भिंतीबाहेर. कागदावर इतकं देखणं दिसत होतं की मी त्याचा फोटो जावयाला पाठवला. मग आमच्याच गल्लीतल्या आबाजी वेल्डरकडून पेटी करून घेतली. पहिल्या दिवशी वारा उलटा फिरला आणि पाइपातली सगळी काजळी स्वयंपाकघरात, चित्राने निशिगंधासाठी वळून ठेवलेल्या डिंकाच्या लाडवांवर येऊन बसली. (चित्राने ते लाडू तसेच माझ्या ताटात वाढले. मी मुकाट खाल्ले.) दुसऱ्या खेपेला जाळ झकास लागला, पण खोली आणखी गार! अर्ध्या दिवसाने अक्कल आली, की जाळाला लागणारी हवा मी खोलीतूनच देत होतो. खोलीतली तापलेली हवा धुराड्यातून आकाशात आणि दाराखालच्या फटीतून बाहेरचा गारठा आत. आठवड्याला चार गाड्या लाकूड जाळून मी अख्ख्या तळवड्याला ऊब देत होतो म्हणा ना. मग जाळासाठी बाहेरून वेगळा पाइप आणला. तरी स्टोव्हपाशी एकेचाळीस आणि पाळण्यापाशी सतरा. आबाजी म्हणाला, "सायेब, दार नीट बसंना. दार घट्ट पायजे."

म्हणून मी कुदळवाडीच्या भंगारात दार शोधायला गेलो, आणि लोखंडाच्या ढिगात आपल्या कंपनीतल्या तीन नंबरच्या भट्टीचं, म्हणजे तुमच्याच भट्टीचं दार पडलेलं. तेच हो! तुम्ही चुन्याने काढलेला तिनाचा आकडा, बिजागरीपाशी शेवटच्या खंडेनवमीचं हळदीकुंकू, जाळ बघायची काचेची खिडकी शाबूत. (ती भट्टी कुणी बंद केली, कशी केली, हा विषय इथे नको.) मी ते उचलून आणलं आणि आबाजीने बसवलं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. बरोबर सातला मी चहाचा कप घेऊन खोलीत शिरतो, तो स्टोव्ह गार, आत न पेटवलेल्या लाकडांशिवाय काही नाही, आणि दारावर आतून ठक, ठक, ठक. तीनदा. कप हातात होता तो हातातच राहिला, चहा मात्र लेंग्यावर. दार उघडण्याआधी सळईने तीनदा वाजवून "आये, उघडतू गं" म्हणणारा सबंध चाकण पट्ट्यात एकच माणूस होता. मी तुम्हांला त्यावरून हसायचो, तेव्हा तुम्ही म्हणायचात, "इचारल्याबिगर उघडू न्हाई सायेब, चावती ती." मी पाठ वळवली नव्हती, डोळेही मिटले नव्हते, दार आपोआप बोटभर उघडलं आणि मी रचून ठेवलेलं बाभळीचं लाकूड माझ्यासमोर पेटलं.

खोलीत मी दोऱ्यांना सहा तापमापकं टांगली आहेत. अर्ध्या तासात सहाही सव्वीसवर. छताशी सव्वीस, फरशीशी सव्वीस, पाळण्यात सव्वीस. जयसिंगराव, हे शास्त्रात बसत नाही! तापलेली हवा वर जाते, जायलाच हवी. मी दर तासाला आकडा लिहायला वही ठेवली आहे (जुनी खोड), तर अकराचा आकडा लिहायला गेलो आणि तो आधीच लिहिलेला. "२६. ठीक." वर शिरोरेघ नाही. शिरोरेघ न देण्यावरून मी तुम्हांला दोनदा लेखी समज दिली होती, आठवतं? खोलीत तेलाचा आणि तंबाखूचा वास, आणि रिकाम्या स्टुलावर हात ठेवला तर स्टूल गरम. त्या दिवसापासून मी त्या स्टुलावर बसलो नाही. चित्रा बेधडक त्याच्या शेजारी लोकर घेऊन बसते, सातला चहाचा कप ठेवते, साडेसातला रिकामा उचलते. मी म्हटलं, अगं, तो माणूस जाऊन वर्ष झालं. तर म्हणते कशी, "बाळंतिणीच्या खोलीत जाणतं माणूस असलेलं बरं. तुमच्यापेक्षा तरी जाणतं."

दुपारी तीनचं मात्र मला बघवत नाही. तीनच्या ठोक्याला जाळ खाली बसतो, दार लागतं, आणि खोलीत कुणीतरी डबा हातात घेऊन वाट बघत उभं आहे असं वाटतं. पुढच्या पाळीचा रिलिव्हर आल्याशिवाय जागा सोडायची नाही, हा नियम फळ्यावर मीच लिहिला होता. मी आत जाऊन "आलो" म्हणतो. मग माझ्या कोपरापासून एक ऊब सरकते आणि बाहेरची कडी वाजते. त्यानंतर मी स्टोव्ह चालवतो, कधी चोवीस, कधी तेवीस, पण पेटलेला ठेवतो. गुरुवारी तर तेही नाही. दोन गुरुवार झाले, कापूर लावा, रॉकेल घाला, काडी दाराच्या आत नेली की विझते. चित्राच्या लगेच ध्यानात आलं. म्हणाली, आज त्यांची सुट्टी.

तेव्हा जयसिंगराव, या पत्राद्वारे आपणांस कळवण्यात येते, की आपण रीतसर सेवानिवृत्त आणि त्यानंतर रीतसर मृत झालेले असून घरात लहान मूल येत आहे, जावई संगणकवाले आहेत, त्यांना काय सांगायचं हा प्रश्न आहे. तरी स्टोव्हचा चार्ज माझ्याकडे देऊन आपण आपल्या जागी जावं. हे पत्र टपालात टाकत नाही, दार उघडून आत ठेवतो. पोच मिळाल्याचं वहीत लिहू नये, ही विनंती.

आपला (भीत भीत का होईना, आपलाच),
मधुसूदन

ता. क. वरचा शेवटचा परिच्छेद रद्द समजावा. जाऊ नका हो. आत्ताच दवाखान्यातून फोन आला, बाळाला गुरुवारी घरी सोडतायत. गुरुवारी! वीज नाही आणि तुम्ही नाही.  एकच गुरुवार ओव्हरटाइम कराल का?

ता. क. २. चित्राने पत्र वाचलं आणि म्हणाली, त्या गुरुवारचं लिहिलंत का? लिहितो. भट्टी कायमची बंद करायची तर ती चालवणाऱ्यानेच नारळ फोडून, हात जोडून विझवायची, ही आपल्या कंपनीतली रीत. तुम्ही रडाल आणि तुमच्यासमोर मी रडेन, या भीतीने मी तुमच्या सुट्टीच्या दिवशी बर्नर बंद केला. शुक्रवारी सातला तुम्ही आलात, गार दारावर तीनदा वाजवलंत, पंजा टेकवलात, आणि न उघडलेला डबा मांडीवर घेऊन तीनपर्यंत बसलात. रिलिव्हर आला नाही. मी केबिनच्या काचेतून बघत होतो. बाहेर आलो नाही. माझं चुकलं, जयसिंगराव.

ता. क. ३. ओव्हरटाइम नको. गुरुवार तुमचा आहे, तुम्ही विसावा घ्या. शुक्रवारी सातला चहा तयार असेल. फक्त एवढं करा, त्या दिवशी काडी विझू देऊ नका. मी तीनदा वाजवीन, तुमच्या त्या आयेला विचारीन, तेव्हाचा राहिलेला नारळ आणून ठेवलाय तोही फोडीन. तुमच्या सुट्टीच्या दिवशी मी एकदाच तिच्यापाशी गेलो होतो, तो विझवायला. या गुरुवारी पेटवायला जातोय.